फळ्यावर नसलेलं नाव

पोलीस ठाण्याबाहेरच्या फळ्यावर अटक केलेल्यांची यादी लागली होती. ती वाचायला शेजारच्या सखूमावशींनी मला नेलं. वस्तीत पदवीपर्यंत शिकलेली मी एकटीच, आणि ते मी मिरवतेही. परवा त्यांच्या दिनूला पोलिसांनी माझ्या डोळ्यांदेखत घरातून नेलं होतं. मी यादी दोनदा वाचली.

"मावशी, नाव नाही."

"म्हंजे सुटला गं माझा!" त्यांनी फळ्यालाच हात जोडले.

कॉलेजच्या निकालात माझं नाव दिसलं, तेव्हा मी रडले होते. यादीत नाव असलं की माणूस कुठेतरी असतो. पोलिसांच्या लेखी दिनूला कधी नेलंच नव्हतं, मग सोडणार कुठून? एवढी शिकलेली मी, यादी तिसऱ्यांदा वाचू लागले.

"चल बिगी बिगी," मावशी म्हणाल्या, "दाराला कुलूप हाय. पोरगं बाहेर ताटकळत बसलं असंल."