घरच्या बाई

टीव्हीवर दिसणाऱ्या बाईसमोर डोक्यावर पदर घेणारं माणूस मी एकच पाहिलं. आमच्या दौंडच्या बाई. रेल्वे लाइनीच्या पलीकडे दोन खोल्यांत त्या राहायच्या आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. माझं सगळं कॉलेज त्यांच्या घरी राहून झालं.

माझे मामा रेल्वेत नोकरीला होते. मामी आणि शेती शिरूरजवळच्या गावी, नोकरी दौंडला. आठवडाभर मामा बाईंकडे राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. नात्यात कुणी त्यावर बोलत नसे. मला दौंडच्या कॉलेजात घातलं तेव्हा मामांनीच माझी पेटी बाईंच्या घरी नेऊन ठेवली. गावाकडं मात्र 'हॉस्टेलला राहतो' असं सांगायचं ठरलं, आणि मी ते सांगत राहिलो.

पहिल्या दिवशी जेवताना मी त्यांना 'मामी' म्हणालो. त्यांनी हातातलं भाकरीचं ताट खाली ठेवलं.

"मामी शिरूरला हायत," त्या म्हणाल्या. "मला नुसतं बाई म्हण."

मामांनी एकदा सीडी प्लेअर आणला आणि त्याच्याबरोबर एका जुन्या विनोदी सिनेमाची सीडी. त्यात खतांच्या कंपनीचा एक एजंट असतो. घरी बायको, फिरतीच्या गावी गाणं शिकवणारी एक मुलगी. पुढे दोघीही एकाच लॉजवर येतात आणि तो कोट-टोपी बदलत या खोलीतून त्या खोलीत पळत राहतो, दोन्हीकडे पोटभर जेवतो. मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. बाईही हसायच्या. पण पडद्यावर त्या एजंटाची बायको आली, की बाईंचा हात आपोआप पदराकडे जायचा. थोरली जाऊ दारात आल्यावर घ्यावा तसा पदर डोक्यावर.

"अगं, नटी हाय ती," मामा म्हणायचे. "तिला काय दिसतंय?"

"असू द्या. घरच्या बाई हायत त्या."

शेवटी नवरा कान पकडतो, बायको त्याला माफ करते. गाण्याची मुलगी ट्रंक घेऊन टांग्यात बसते आणि दिसेनाशी होते. मग नवरा-बायकोचं गाणं. गाणं चालू असताना बाई हमखास विचारायच्या, "ह्या पोरीचं पुढं काय झालं असंल?"

"पिक्चर संपला की," मामा म्हणायचे.

"तेच म्हंते. तिचाबी संपला का?"

यावर मामा उठून चपला शोधायला लागायचे.

बाईंच्या मनातली टोचणी अशी बारीकसारीक गोष्टींत दिसायची. शिवणयंत्र समोर असूनही मामांच्या शर्टाचं तुटलेलं बटण त्या लावत नसत. मामा शनिवारी तसाच शर्ट घालून एसटीत बसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ते मामींनी लावायचं. तेवढं तरी त्यांच्याकडं राहू दे." सणाला मामा साडी घेऊन आले, की आधी विचारायच्या, "शिरूरला घेतली का?" त्या विचारण्यात संशय नव्हता, भीती होती.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गावानं सत्कार केला. मामी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मी शिक्षकांचे, आईवडिलांचे, मामांचे, मामींचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दौंडला गेलो. बाईंनी पेढे देवापुढे ठेवले आणि भाषणात कुणाकुणाचं नाव घेतलं ते विचारलं. मी सांगितलं.

"बेस केलंस," त्या म्हणाल्या. मला हातातला पेढा खाववेना.

मामा वारले ते गावी, मामींच्या मांडीवर. बाई आल्या नाहीत. मी निरोप्या म्हणून दौंडला गेलो, तर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मामींना विचार, एकदा यिऊन पाया पडले तर चालंल का. बाकी कायी नगं." मी गावी आलो आणि मामींचं तोंड बघून विचारणं पुढं ढकललं. आज विचारू, उद्या विचारू, असं चाललं.

पुढं पेन्शनच्या कामासाठी मामींना दौंडला न्यावं लागलं. काम आटोपलं. स्टँडकडे वळताना मामी थांबल्या.

"तिचं घर लांब हाय का?"

मी त्यांना घेऊन गेलो. बाईंनी दार उघडलं, मामींकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. मामी खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. बराच वेळ यंत्राकडे बघत राहिल्या.

"गवार खायाचे का हितं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"माझ्याकडं न्हाई खाल्ली कवा. ताट सारायचे."

"गूळ घालायचे मी."

"आसं व्हय," मामी म्हणाल्या, आणि उठल्या.

बाई पायांशी वाकल्या, तशा मामी मागं सरकल्या. "ते नगं. तेवढं न्हाई जमायचं मला." आवाज चढला नव्हता. बाई वाकलेल्या तशाच राहिल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

परतीच्या एसटीत मामी खिडकीबाहेर बघत होत्या; पाटस गाव मागं पडलं. मग म्हणाल्या, "तूबी हितंच जेवायचास नव्हं?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. हॉस्टेलच्या जेवणानं आसं अंग धरत न्हाई पोरगं." चौफुल्याला आम्ही गाडी बदलली.

बाई आता नाहीत. मी शिरूरला शाळेत शिकवतो. तो सिनेमा अधूनमधून मोबाईलवर दिसतो, माझी बायको हसून लोळते आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो. बाईंना शेवटचं भेटलो ते मामी येऊन गेल्यानंतरच्या दिवाळीत. टीव्हीवर तोच सिनेमा लावलेला होता. एजंटाची बायको आली आणि बाईंनी पदर घेतला, या वेळी पार कपाळापर्यंत.

"आता कशाला, बाई?" मी म्हणालो. "मामी तर येऊन गेल्या."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "आता त्यांचं तोंड बघितलंय मी."