मिस्त्रींच्या दाराची फट

आमच्या गावात दार बनवणाऱ्याला वैद्यापेक्षा जास्त मान आहे, आणि तो चपट्यामुळे. चपटा दिवेलागणीला येतो, जमिनीला चिकटून, सांडलेल्या तेलासारखा पसरत. आत शिरायला त्याला कागद सरकेल एवढी फट पुरते. आत आला की तो माणसाची सावली खातो. शेजारच्या शिंपिणीची त्याने सगळी खाल्ली. ती अजून श्वास घेते, भरवलं तर गिळते, पण हाक मारली तर ओ देत नाही.

माझे सासरे, म्हणजे मिस्त्री, चाळीस वर्षं दारं बसवत आले. दार बसलं की खालून कागद सरकवून बघायचे. सरकला तर अख्खं दार उतरवायचे. दुसऱ्याच्या कामाला नाकं मुरडण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरला नसता. जावई म्हणून मीही त्यांच्या पसंतीला कधी उतरलो नाही. खिळा ठोकायला घेतला की माझं बोटच आधी सापडतं.

आमच्या लग्नात त्यांनी आम्हाला दार दिलं. घाई होती, फळ्या ओल्या होत्या. मी दबकत तसं म्हटलं, तर लाकूड मला शिकवू नका म्हणाले. पहिल्याच उन्हाळ्यात फळ्या आकसल्या आणि खाली बोट जाईल एवढी फट पडली. बायकोने जुन्या रजईचा लांबट बोळा केला. रोज संध्याकाळी ती तो फटीत कोंबायची आणि सकाळी काढून पिठाच्या डब्यामागे लपवायची. बाबांना कळू द्यायचं नाही, अशी तिने मला शपथच घातली. मिस्त्रींचा हात गेला असं लोक म्हणाले, तर ते त्यांना सोसणार नाही म्हणे. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. तरी तीन वर्षं मी गप्प बसलो.

मग एका दुपारी मिस्त्री न कळवता राहायला आले आणि थेट दाराच्या आतल्या अंगाला बैठक मारून बसले. फळीवरून हात फिरवत जुनी कामं आठवत राहिले. ऊन उतरलं, दार लावून घेतलं. आतल्या खोलीत येऊन बसा म्हणून मी तीनदा सांगून पाहिलं. माझ्या दाराला मी पुन्हा कागदसुद्धा लावत नाही, असं म्हणून ते जागचे हलले नाहीत. बायको दिव्यापाशी भाजी चिरत होती. तिने डब्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ती उठली नाही. मी उठायला लागलो तर तिने डोळ्यांनीच मला खाली बसवलं. बोळा चार पावलांवर होता आणि मी भिडेपोटी बसून राहिलो, याची लाज मला आजही वाटते.

फटीतून काळं काहीतरी आत आलं. आवाज नाही, वास नाही. दिव्यामुळे बायकोची सावली दारापर्यंत लांबली होती. ते सरळ तिच्या सावलीच्या डोक्याकडे निघालं.

मिस्त्रींनी उजवा तळवा त्याच्यावर दाबला आणि दाबूनच धरला. मी धावत बोळा आणला आणि मिळेल तसा फटीत कोंबला. आत आलेला काळा तुकडा तडफडून विरला. मिस्त्रींनी हात दिव्यासमोर धरला. भिंतीवर सावली मनगटापाशीच संपली होती. बोटं लाकडासारखी गार पडली होती.

त्यांनी बोळ्याकडे पाहिलं. तो झिजून दाराच्या मापाचा झाला होता.

"किती दिवस?"

"तीन वर्षं, बाबा," ती रडत म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू द्यायचं होतं."

सकाळी त्यांनी डाव्या हाताने दाराखाली पट्टी ठोकली. मी पट्टी धरली, आणि या खेपेला बोटं त्यांचीच सापडली. मग त्यांनी खिशातून कागद काढून लेकीला दिला. ती फरशीवर पालथी झोपली, गाल जमिनीला टेकवून.

"सरकतो का?" त्यांनी विचारलं.

तिने कागद पट्टीखाली ढकलला.

"सरकतो, बाबा," ती म्हणाली.

"मग काढ ती पट्टी," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा हातोडीकडे वळले.