सातजणींचा लोगो

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन मुलाने घेतला. दोनदा "हो" म्हणाला आणि माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागला, तेव्हा मला कळलं. शालनवन्सं गेल्या. ती मेथी त्या दिवशी कोणी खाणार नव्हतं, तरी मी उरलेली जुडी निवडून ठेवली आणि मगच उठले. हातातलं काम अर्धं टाकलेलं त्यांनाही आवडायचं नाही.

आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, फार सोशिक होत्या, देवमाणूस होत्या. नव्हत्या. हट्टी होत्या. चहात साखर कमी पडली तर दुपारपर्यंत बोलायच्या नाहीत. माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मी त्यांना "वन्सं, तुम्ही" म्हणायचं आणि त्यांनी मला "वहिनी, तू", हे चाळीस वर्षं चाललं. पण या बाईने पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवर एक चित्र काढलं, आणि त्या दहा-बारा दिवसांत आमच्या घरात जी धावपळ झाली ती माझ्या लग्नातही झाली नव्हती. मला तेवढंच सांगायचं आहे.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आधी परळला एका खोलीत होतो, मग भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. वन्संचं लग्न झालं नाही. का झालं नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पूर्वेला एका गाळ्यात त्या पॅकिंगला जायच्या. गाळा बंद झाला आणि त्या घरी बसल्या. त्यांच्या हातात एकच कला होती, ठिपक्यांची रांगोळी. आमच्या मंडळाची दरवर्षी कबड्डीची स्पर्धा व्हायची, तेव्हा स्टेजसमोरची मोठी रांगोळी त्यांच्याकडेच असायची. सकाळी सातला वाकायच्या त्या दुपारी दोनला सरळ व्हायच्या. संध्याकाळी पाहुणे यायचे आणि बुटांसकट त्यावरून स्टेजवर जायचे. एका वर्षी तर मंडळाचे अध्यक्ष त्या रांगोळीवरच उभे राहून 'आपल्या भगिनींच्या कलेला प्रोत्साहन' यावर बोलले.

त्याच मैदानावर माझी नात रूपा आणि तिच्या मैत्रिणी कबड्डी खेळायला लागल्या. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींनी संघ केला, नाव ठेवलं 'सातजणी'. अध्यक्ष हसले. म्हणाले, राखीव खेळाडू कुठं बसवणार, की त्यांचं नाव वेगळं? मग त्यांनी अट घातली. संघाचा स्वतःचा लोगो, तो छापलेल्या जर्सी आणि मैदानात लावायला बॅनर असेल तर मुली स्वतःच्या नावाने उतरतील. नाहीतर मंडळाच्या नावाखाली, महिला विभाग म्हणून. हातात बारा दिवस होते.

रूपा घरी येऊन आदळआपट करत होती. वन्सं तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, मी काढते. घरातल्यांचं ऐकून रूपाही त्यांना आत्याच म्हणायची; ती म्हणाली, आत्या, रांगोळी नकोय, लोगो हवाय, तो कॉम्प्युटरवर करतात. तर म्हणाल्या, मग कॉम्प्युटरवर काढते. आम्ही दोघी हसलो. रूपा गेल्यावर मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला घरचा टीव्ही लावता येत नाही. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"वहिनी, जन्मभर काढलं ते संध्याकाळी झाडूने गेलं. माझं एक तरी काढलेलं दुसऱ्या दिवशी दिसू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाले.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जिग्नाबेन कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. चार मशीन आणि एक पंखा. टायपिंग आणि हिशेबाचा प्रोग्राम शिकवायची, फोटोशॉप तिला अर्धंमुर्धं यायचं. तिने वन्संना सकाळच्या रिकाम्या वेळात बसवून घेतलं. पहिल्या दिवशी वन्संनी माउस असा दाबून धरला की टेबल हललं. जिग्नाबेन म्हणाली, "शालनबेन, आ माउस छे, वेलण नथी." आपण माउस लाटण्यासारखा धरलाय हे कळून वन्संनाही हसू आलं आणि हात सैल पडला. दुसऱ्या दिवशी सरळ रेघ आली. तिसऱ्या दिवशी गोल. पण माणूस काही येईना. हात थरथरायचा, रेघ गांडुळासारखी व्हायची. मग चौथ्या दिवशी त्यांनी काय केलं, रेघ काढायचं सोडून नुसते ठिपके मांडायला घेतले. एकोणीस बाय एकोणीस. जिग्नाबेन मागून बघत होती, विचारायला लागली की हे कुठलं टूल, मला कोणी शिकवलं नाही. वन्सं म्हणाल्या, हे आमच्या आईचं टूल. आणि ठिपक्याला ठिपका जोडत गेल्या. रेघ अशी आली की जिग्नाबेन टाळ्या वाजवायला लागली.

फोटोशॉपमध्ये एकावर एक थर ठेवता येतात, काचेवर काच ठेवावी तसे. खालचं पुसलं तरी वरचं राहतं. हे कळलं त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. एका थरात ठिपके, दुसऱ्यात रेघा, तिसऱ्यात रंग. काम झालं की ठिपक्यांचा थर झाकून टाकायचा. मला घरी येऊन तीनदा समजावलं. अंगणात चुकलेला ठिपका फडक्याने पुसावा लागतो आणि शेजारचाही जातो, इथे शेजारच्याला धक्का लागत नाही, हे सांगताना त्यांचे डोळे असे झाले होते की मला वाटलं ताप आलाय.

पहिलं चित्र झालं. मी बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की ही बाई चढाईला नाही, हळदीकुंकवाला चाललीय. मोठे डोळे, हातात बांगड्या, कमरेला लचक. बांगड्या घालून कबड्डी कोण खेळू देतं? वन्सं तडकल्या, म्हणाल्या एवढं कळतं तर तू उभी राहा. मी लग्नाआधी गावात हुतूतू खेळलेली बाई. म्हटलं, चला. जिग्नाबेनचा कॅमेरा घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. मी पदर खोचला, पाठ वाकवली, पुढचा पाय नुसता टेकवला, सगळं वजन मागच्या पायावर घेतलं, कारण पकड आली तर त्याच पायाने परत फिरायचं असतं. हात लांब केला. पापड वाळत घालायला आलेली दुसऱ्या मजल्यावरची बाई तिथेच थांबली. विचारते, आजी, कंबर भरली का? मी म्हटलं, फोटो काढतोय, बाजूला हो.

तो फोटो कॉम्प्युटरवर सगळ्यात खाली ठेवला आणि वन्संनी त्यावर ठिपके मांडले. माझी साडी गेली, तिथे अर्धी चड्डी आणि जर्सी आली. माझा अंबाडा गेला, तिथे उडणारी वेणी आली. पाय मात्र माझेच राहिले. मागे सहा वळणदार रेघा, उरलेल्या सहाजणींच्या. केशरी आणि गडद निळा. रूपाने बघितलं आणि धावत जाऊन बाकीच्या पोरींना घेऊन आली. सगळ्यांनी मिळून जिग्नाबेनचं एक स्टूल मोडलं.

जर्सी छापून आल्या, छान आल्या. स्पर्धेच्या दोन दिवस आधी आम्ही दोघी सीडी घेऊन स्टेशनजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे बॅनरसाठी गेलो. त्याने चित्र उघडलं, ओढून मोठं केलं आणि मान हलवली. "माताजी, ये तो फट गया." स्क्रीनवर आमची पोरगी नव्हती, नुसते चौकोन होते, विटा रचल्यासारखे.

झालं होतं असं. वन्संनी चित्र सुरू करण्याआधी जर्सीच्या छातीवर टेप लावून माप घेतलं होतं आणि बरोबर तेवढंच चित्र काढलं होतं. रांगोळी काढणारी बाई आधी अंगण मोजते. त्यांनी अंगण मोजलं, पण खिशाएवढं. फ्लेक्सवाला दहा फुटांचं मागत होता. म्हणाला, उद्या संध्याकाळी सहापर्यंत नवीन द्या, नाहीतर परवा सकाळी बॅनर विसरा.

मला वाटलं आता या रस्त्यात बसतात. पण त्या भाजीवाल्यांच्या गर्दीतून चालत राहिल्या आणि एका टोमॅटोच्या गाडीसमोर थांबल्या. म्हणाल्या, ठिपके ओढले तर फाटणारच, ठिपकेच जास्त घालायला हवेत. आणि रिक्षाला हात केला. एरवी त्या चालत जायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जिग्नाबेनने क्लास उघडून दिला. सकाळच्या बॅचला सांगितलं, आज एक मशीन कमी. वन्संनी या वेळी दहा फुटांचा कागद घेतला. कॉम्प्युटर दमला. एक रेघ मारली की वाळूचं घड्याळ फिरत बसायचं आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसायचो. त्यात दुपारी दोन ते चार लाइट जाणार होती, तेव्हा आठवड्यातून दोनदा जायचीच. म्हणून मला काम दिलं. वन्सं "दाब" म्हणाल्या की मी दोन बटणं एकदम दाबायची, म्हणजे तोपर्यंतचं जपून राहतं. चौथी शिकलेली बाई मी, पण ती दोन बटणं मी आजही अंधारात शोधून दाखवीन. दाब. दाबलं. दाब. दाबलं. मागे शिकायला आलेली मुलं आपलं सोडून आमच्याभोवती उभी. पाय झाले, हात झाला, चेहरा झाला. पावणेदोनला सहापैकी पाच रेघा झाल्या होत्या. आणि दोनला पाच मिनिटं असताना पंखा थांबला.

स्क्रीन काळी.

"वहिनी, दाबलं होतंस?"

"दाबलं होतं."

खरं सांगते, मला आठवत नव्हतं. दोन तास आम्ही जिन्यात बसलो. जिग्नाबेनने ढोकळा आणून दिला, तो तसाच राहिला. वन्सं फरशीवर बोटाने सहावी रेघ काढून बघत होत्या, पुन्हा पुन्हा. मी मनात म्हटलं, गेलं असेल तर आपण वन्संना तोंड कसं दाखवायचं.

चारनंतर दहा मिनिटांनी लाइट आली. ते मशीन सुरू व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा माझ्या बाळंतपणाला लागला नाही. जिग्नाबेनने चित्र उघडलं. पाय आले. हात आला. चेहरा आला, वेणी आली... आणि पाचही रेघा आल्या. मुलांनी ओरडून बिल्डिंग डोक्यावर घेतली. वन्संनी फक्त माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. चांगला जोरात. मग सहावी रेघ एका दमात काढली. साडेपाचला आम्ही रिक्षात होतो.

मुली दुसऱ्याच सामन्यात हरल्या. लपवण्यासारखं काही नाही, समोरच्या पोरी तयार होत्या. पण हरल्या त्या स्वतःच्या नावाने. स्पर्धा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी मला मैदानावर नेलं. खुर्च्या उचलून नेत होते, स्टेज सोडत होते. बॅनर होता तिथेच होता. वन्सं त्याच्याखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दिसतंय. बस, एवढंच. घरी येऊन दोन कप चहा प्यायल्या.

पुढच्या वर्षी नवीन बॅनर छापला, तेव्हा जुना कोणी नेला कळलं नाही. पावसाळ्यात आम्ही बसने समुद्राकडच्या डोंगरी गावाला गेलो होतो, एका ओळखीच्या बाईकडे सुकट घ्यायला. तिच्या पडवीवर आमची पोरगी पसरलेली, हात लांब करून. ती बाई खुशीत सांगायला लागली, "लय घट्ट हाय, पानी न्हाय येत आता." मला राग आला. वन्सं मात्र वर बघून हसल्या. म्हणाल्या, बघ, पावसालाही पुरून उरली. येताना बसमध्ये सारख्या हसत होत्या.

वन्सं गेल्यावर बाराव्या दिवशी मुली घरी आल्या. म्हणाल्या, जर्सीवर आत्यांचा फोटो छापायचा. मी नाही म्हटलं. मेलेल्या बाईचा फोटो छातीवर घेऊन चढाई करणार की श्राद्ध? रूपा म्हणाली, आजी, तू एकदा संध्याकाळी मैदानावर ये.

गेले. साडेपाच वाजले होते. मुली पांढऱ्या फक्कीने मैदान आखत होत्या. मधली रेघ, बाजूच्या रेघा. ते झाल्यावर एक मुलगी अगदी मधोमध वाकली आणि चिमटीने पांढरे ठिपके मांडायला लागली. ठिपक्याला ठिपका जोडला आणि जमिनीवर तीच चढाई उठली, सहा रेघांसकट. मी म्हटलं, अगं, इथे का काढता, आत्ता तुमच्याच पायांनी जाईल. रूपा म्हणाली, हे आम्ही नाही सुरू केलं, आत्या रोज काढायच्या. चार वर्षं. आम्हीही त्यांना हेच विचारलं होतं.

चार वर्षं मला सांगत होत्या, फिरायला जाते.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुमच्या पायांनीच जायला काढतेय. पळा."

शिट्टी झाली. पहिलीच चढाई झाली आणि वेणी गेली, मग हात गेला. दहा मिनिटांत नुसता पांढरा धुरळा उरला आणि मुलींच्या पोटऱ्या पांढऱ्या झाल्या. मी खेळ संपेपर्यंत बसले.

आता मी रोज साडेपाचला जाते. काढता मला येत नाही. त्या वाकतात तेव्हा फक्कीचा डबा धरते.