वाढलेलं हृदय

आमच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. लहानपणी नळावर हात आपटून माझी हिरवी बांगडी फुटली आणि मी "आई, फुटली!" म्हणून ओरडले, तेव्हा लागलं का हे विचारायच्या आधी तिनं मला दटावलं होतं, "फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं." मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी तोही वाढायचा. सुरतेत लहानाची मोठी होऊन, बोलण्यात अर्धी गुजराती झाले होते मी, पण सौभाग्याच्या वस्तूला तुटणं-फुटणं लावायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पुढे जे केलं त्याची लाज अजून जात नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी सुरतेतच डॉक्टरकी शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. बाबा रोज बसनं चलथाणला नोकरीला जात. एका संध्याकाळी जिना चढता चढता ते मधल्या पायरीवर बसून राहिले आणि त्यांना दम आवरेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. आई पाण्याची वेळ होती म्हणून घरी थांबली.

तिथं बाबांच्या मनगटांना नि घोट्यांना चिमटे लावले, छातीवर रबरी फुगे चिकटवले आणि कार्डिओग्राम काढला. पट्ट्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवून दिल्या. डॉक्टर गुजराती होते. त्यांनी पुठ्ठा उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, "हार्ट जरा मोटुं थयुं छे. प्रेशरने लीधे. चिंता नथी." रक्तदाबाची गोळी, मीठ कमी, आठ दिवस आराम, मग खुशाल कामावर जा, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

माझं लक्ष होतं कुठे त्यांच्याकडे! त्यांच्या खांद्यावरून मला ते आधीच दिसलं होतं. जे आजवर पुस्तकातच पाहिलं होतं, ते आमच्या घरच्या माणसाच्या पट्टीवर उमटलं होतं, आणि ते मी ओळखलं होतं. मला कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालं.

घरी शेजारच्या काकी विचारपूस करायला आल्याच होत्या. मी टेबलावर पुठ्ठा पसरला आणि हातात पेन्सिल घेतली. "ही छोटी टेकडी म्हणजे पी. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतून विजेचा संदेश पसरतो, ती ही. मग ही सपाट रेघ. इथं संदेश जरा थांबतो, तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. मग हा सुळका, क्यू-आर-एस. खालच्या मोठ्या कप्प्यांना संदेश पोचला, की ते आवळले जातात. शेवटची ही टेकडी टी. कप्पे परत पुढच्या ठोक्याला तयार होतात. आता हे बघा, बाबांच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांत सुळका केवढा उंच गेलाय! आणि टी चक्क उलटी!"

"उलटी टी राहू दे," बाबा खाटेवरून म्हणाले, "मला सरळ कपभर टी मिळेल का?"

काकी हसल्या. "बहु हुशियार छोकरी छे," म्हणाल्या. मी आणखी फुलले.

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "म्हणजे काय झालंय?" तिनं विचारलं.

"बाबांचं हृदय वाढलंय."

"वाढलंय?"

"हो! बघ ना, किती स्पष्ट दिसतंय!"

ती बघायला आली नाही. आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. बाबांनी कूस बदलली तरी ती हातातलं काम टाकून धावायची. त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देईना. दोन्ही हातांत तिनं कोपरापर्यंत चुडा भरला. बाबा म्हणायचे, "अगं, मला काही झालेलं नाही, गोळी दिलीय नुसती," की ती मान हलवायची आणि डोळ्यांना पदर लावायची. मला त्या सगळ्याचा राग येत होता. शिकलेल्या मुलीच्या घरात हे काय, असं मी तिला एकदा तोंडावर म्हणालेसुद्धा.

मग एका दुपारी अमळनेरहून मामा येऊन थडकला. दाढी वाढलेली, पिशवीत धड कपडे नाहीत. बाबा पाटावर बसून बिनमिठाच्या वरणाला नावं ठेवत होते. त्यांना पाहून मामा उंबऱ्यावरच मटकन बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"ताईनं फोनवर सांगितलं, दाजींचं हृदय वाढलं म्हणून," तो म्हणाला. "मला वाटलं, तोंड तरी बघायला मिळतंय की नाही."

मी आईकडे पाहिलं. तिनं चुड्यांचे हात पदराखाली ओढून घेतले.

डॉक्टर 'मोटुं' म्हणाले होते. ते तसंच सांगितलं असतं तरी तिला कळलं असतं. 'वाढलं' हा शब्द माझा होता. बाबांचं हृदय फुटलंय, ते त्यांना कुणी उघड सांगितलेलं नाही, आणि मुलगी घरच्या रीतीप्रमाणे जपून बोलली, असं समजून ही बाई इतके दिवस एकटी जगत होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी तिच्याजवळ बसले. या वेळी पुठ्ठा काढला नाही. वाढलं म्हणजे जाड झालं, ताण पडून मोठं झालं, तुटलं-फुटलं नाही, गोळी आणि पथ्य सांभाळलं तर बाबा पुढच्या आठवड्यात कामावर जातील, हे मी सांगितलं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तिनं मोठा श्वास सोडला आणि मामाचं पान वाढलं.

जेवणं झाल्यावर भांडी आवरताना तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "दुखणंच होतं ना ते त्यांचं? मग सांगताना तू इतकी खूश का होतीस गं?"