तीनदा उसवलेला झगा

माझी थोरली बहीण चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवत आली. गळ्यात टेप नसलेली ताई मला आठवत नाही. कापड बेतताना शिवणीत दोन बोटं जास्तीचं ठेवायचंच, असा तिचा शिरस्ता. "बाईचं अंग एका मापात राहतंय होय?" असं म्हणायची.

तिची सून गरोदर राहिली तेव्हा ताईने तिला निळ्या सुती कापडाचा सैल झगा शिवला. सातव्या महिन्यात तो घट्ट झाला, म्हणून शिवण उसवून मोठा केला. आठवड्याने पुन्हा तेच. त्यापुढच्या रविवारी तिसऱ्यांदा उसवताना मी तिथेच होतो.

"बघ रे, पैलवान येतोय आपल्याकडे," ताई टेप ओढत म्हणाली.

"पैलवान कसला, हत्ती आहे," सून हसली. पण तेवढं बोलतानाही तिला दोनदा थांबावं लागलं. "आई, आडवं झालं की श्वास पुरत नाही हो. तपासणीला आधीच जाऊन येऊ का?"

"अगं, मलाही असंच व्हायचं. उशी उंच घे."

मीही मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पाणमोट फुटली. मुलगी झाली, दोन महिने आधी, ताईच्या ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. बाळ पोटात आपल्याभोवतीचं पाणी गिळत असतं. हिची अन्ननलिका मुळातच बंद होती, म्हणून पाणी साठत गेलं, आणि त्या ताणाने दिवस भरण्याआधीच बाळंतपण झालं.

"आधी कळलं असतं तर?" ताईने विचारलं.

"वाचलीच असती असं नाही सांगता येत. पण आपण तयारीत असतो."

ऑपरेशन झालं. पण फुफ्फुसं कच्ची होती. पाचव्या दिवशी ती गेली.

सून ताईला एका शब्दाने बोलली नाही. तेच ताईला सोसेना. तिने मशीनवर चादर टाकली ती महिनाभर काढली नाही.

मग एके सकाळी सुनेने तो झगा धुऊन, घडी करून माझ्यासमोर ताईच्या मांडीवर ठेवला. कापडावर जुन्या टाक्यांच्या तीन रेघा अजून दिसत होत्या. ताईने पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत बोट फिरवलं.

"परक्या बाईचं पोट असं वाढलं असतं ना, तर मी हटकलं असतं गं. घरातली म्हणून कौतुक करत बसले."

"पोटाचं जाऊ द्या, आई," सून म्हणाली. "श्वास पुरत नाही म्हणाले होते. तेवढं तरी ऐकायचं."

ताईने उठून मशीनवरची चादर काढली.

मशीन आता पुन्हा सुरू आहे. दिवस गेलेली बाई माप द्यायला आली की ताई टेप बाजूला ठेवते आणि आधी विचारते, "आडवी झालीस की श्वास पुरतो का?"

परवा एक जण वैतागली. "मावशी, झगा शिवायला आलेय मी, तपासायला नाही."

"तपासून ये, मग शिवते," ताई म्हणाली. "तोवर मी कापडाला कात्री लावत नाही."