आतले टाके

पाळीच्या रक्तस्रावाला काही धरबंध उरला नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी मेडशीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. फळ्याकडे तोंड केलं की मागे साडीला काही लागलं तर नाही ना, एवढंच डोक्यात असायचं. दोन ओळी लिहून झाल्या की खुर्ची धरावी लागे. घरी आले की चपला काढायचंसुद्धा जिवावर यायचं.

अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, गाठी मोठ्या आहेत, गर्भाशयाची पिशवी काढावी लागेल. माझी दोन्ही मुलं सिझरची. त्यामुळे आत सगळं एकमेकांना चिकटून बसलं असेल, अशी त्यांना शंका होती. नागपूरला रोबोटच्या मदतीनं असं ऑपरेशन होतं, तिकडे जा म्हणाल्या.

आमचं घर एकत्र. नवरा आणि मोठे दीर भाजीपाला पिकवतात, जाऊबाई तो बाजारात नेऊन विकतात. जाऊबाईंची पिशवी बऱ्याच वर्षांपूर्वी पोट उघडून काढली होती. रोबोट म्हटल्यावर त्या मेथीची जुडी बांधायच्या थांबल्या.

"म्हंजे डॉक्टर हातच लावत नाही? मंग ते मशीन चुकलं तं कोनाले धरनार?"

हाच प्रश्न मी नागपूरच्या डॉक्टरबाईंना विचारला. त्या हसल्या. "मशीन आपल्या मनानं काहीच करत नाही हो. मी त्याच खोलीत बसते, दुर्बिणीत पाहिल्यासारखं पाहते. तुमच्या पोटात कॅमेरा असतो, त्यातून मला सगळं मोठं दिसतं आणि काय किती खोल आहे तेही कळतं. माझी बोटं जशी वळतात तशी आतली बारीक हत्यारं वळतात. हात थोडा थरथरला तर ती थरथर मात्र आत पोचत नाही."

"आणि माझ्याजवळ कोण असतं?"

"दुसरी डॉक्टर उभी असते. तुम्ही एकट्या नसता."

ऑपरेशनच्या खोलीत नेलं तेव्हा ते यंत्र दिसलं. पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले जाड हात, घडी घालून उभे. कोपऱ्यात डॉक्टरबाईंची बसायची जागा. त्यांनी तिथे चपला काढून ठेवल्या. खाली पायानं दाबायच्या पट्ट्या असतात, त्या तळव्याला नीट कळायला हव्यात म्हणे. मला बरं वाटलं ते पाहून. स्वयंपाकाला बसणारी बाई काढते तशा त्यांनी चपला काढल्या होत्या. मग भुलीच्या डॉक्टरांनी नाकावर मास्क धरला.

जागी झाले तर पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. "ऑपरेशन पोटाचं आन् खांदा काहून दुखून राह्यला?" नवरा घाबरून नर्सला विचारत होता. आत जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात, तो थोडा उरला की खांदा दुखतो, असं तिनं समजावलं. पोटावर छोट्या छोट्या पट्ट्या होत्या, बस. पिशवी खालच्या वाटेनंच बाहेर काढली होती आणि तिथे आतून टाके घातले होते. निघताना डॉक्टरबाईंनी बजावलं, दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, बरं वाटलं तरी नाही.

समृद्धी महामार्गानं गाडी करून घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून बायका पाहायला येऊ लागल्या. पदर बाजूला करून दाखवावं लागे.

"एवढंच?" एकजण म्हणाली. "हे तं काटा टोचल्यावानी दिसते."

जाऊबाईंनीही पाहिलं. "माहं तं पोट फाडलं होतं," एवढंच बोलून त्या उठल्या.

पहिले काही दिवस ताट हातात मिळालं. मग मीच उठून भात लावू लागले. मग पालक निवडणं आलं, कपड्यांच्या घड्या आल्या. कुणी हुकूम सोडला नव्हता. पण सगळे राबत असताना चालत्याफिरत्या बाईनं पडून राहायचं, हे त्या घरात कुणालाच जमण्यासारखं नव्हतं, मलाही नाही. "आता बरी दिसून राह्यली," नवरा खुशीत म्हणायचा. त्याला नाही म्हणायचं तर सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती माझ्यात.

बाजाराच्या दिवशी घरी कुणी नसताना नळ आले. पुन्हा केव्हा येतील याचा भरवसा नसतो. मी बादल्या भरल्या आणि एकेक उचलून आत नेल्या. टाकी भरत आली तेव्हा पायावरून रक्ताचा गरम ओघळ आला. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. रडूसुद्धा आलं नाही. पुन्हा तेच, एवढंच वाटलं.

जाऊबाई रिकामी टोपली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. टोपली टाकून ऑटो बोलावला आणि मला अकोल्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं. टाके उसवले नव्हते, पण ताण बसला होता. जाऊबाईंनी आपल्या जुन्या ऑपरेशनचा विषय काढला, तशा डॉक्टरबाई माझ्यावर नाही, त्यांच्यावर चिडल्या. "बाहेर भोकं लहान आहेत म्हणून आतलं ऑपरेशन लहान होतं का? तुमची पिशवी काढली तशीच हिची काढलीय. जखम भरायला वेळ तेवढाच लागतो."

परत येताना वाटेतलं पातूर गाव मागे पडलं. मग जाऊबाई म्हणाल्या, "काहून नाही बोलली तू? मले नाही उचलवत, म्हनून सांगाचं ना."

"थकली होती, बाई."

त्यांनी मान हलवली. "माहा टाका लंबा होता. सासू काई म्हने तं मी लुगडं सारून दाखवो. तवा कुठं महिनाभर निजाले भेटलं. त्याच्या आंधी नाही, त्याच्या बाद नाही." मग ऑटोबाहेर बघत बोलल्या, "तुह्याजवळ दाखवाले काईच नोहतं."

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही भावांना ओसरीत उभं केलं. "पानी आजपासून तुमी भरान. भाकर मी टाकीन. इले कोनी हाक मारली तं माह्याशी गाठ हाय." मोठे दीर काही बोलणार होते, पण बादली घेऊन निघाले. "मले वाटलं, तू बरी झाली," नवरा म्हणाला. मलाही तसंच वाटलं होतं, मी सांगितलं.

पाहायला येणाऱ्या बायकांना आता जाऊबाई दारातच गाठायच्या. दोन्ही हात ताणून दाखवायच्या, "आतून एवढं कापलं इचं. बाह्यरून दिसत नाही." एकदा तर हात इतके पसरले की मला उशीत तोंड लपवून हसावं लागलं. हसताना पोट दुखलं.

मग मी खरंच झोपले. दुपारी झोपायची सवय नव्हती, आधी अपराध्यासारखं वाटायचं. भांड्यांचे आवाज ऐकत पडून राहायची. हळूहळू ते आवाज दूर जाऊ लागले.

शाळा सुरू झाली तेव्हा रक्तस्राव थांबलेला होता. साडीची चिंता गेली. थकवा मात्र एकदम गेला नाही, अजूनही कधी दुपारच्या सुट्टीनंतर अंग जड होतं. त्या वेळी मी मुलांना वाचायला सांगते आणि खुर्चीत बसते. कुणी विचारलंच तर सांगते, दमले आहे, थोडं बसू दे.