फुलीपुरतं काळं

दोहाला मी हिंडायला गेले नव्हते, हे आधीच सांगते. आमच्या शिवणक्लासमधल्या बायकांना वाटतं, सुमनताई आखाताची हवा खाऊन आल्या, आता सोन्याचे बाजार आणि उंटांचे फोटो दाखवतील. मी गेले ती माझ्या भावाला घेऊन यायला. मोहनदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दोहात एका इंजिनिअरिंग ऑफिसात बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं जड झालं. लग्न केलेलं नाही, म्हणजे आणायला जाणार कोण? मीच. आणि आम्ही दोघं तीन वर्षं धड बोललेलो नव्हतो.

विमान उतरायला लागलं तेव्हा पहाट होती. खाली आधी समुद्र दिसला, मग खाकी कापडासारखी सपाट जमीन, कुठं सुरकुती नाही. त्या जमिनीच्या कडेला उंच इमारतींचा एक झुबका उभा होता. विमानतळ इतका चकचकीत, की मी चपला फरशीवर जपून टेकवत होते.

बाहेर डॉमनिक उभे होते. हे वसईचे, दादाच्या ऑफिसातले. दादा दवाखान्यात होता ते तीन आठवडे यांनी आणि यांच्या नर्स असलेल्या बायकोनं सगळं पाहिलं. माझी बॅग हातातून घेत म्हणाले, "ताई, टेन्शन घेऊ नका. एक्झिटचे पेपर्स ऑलमोस्ट रेडी आहेत. संडेचं तिकीट आहे, इन्शाल्ला सगळं होऊन जाईल." म्हणजे माझ्या हातात चार दिवस होते.

वाटेत वेस्ट बे लागलं. विमानातून दिसलेल्या त्याच उंच काचेच्या इमारती. त्यातल्या एका मजल्याकडे बोट करून डॉमनिक म्हणाले, मोहनची खुर्ची तिथं. सकाळचे सहा वाजत होते आणि उन्हानं काचा पेटल्या होत्या. नाशिकचा मे महिना मला पाठ आहे, पण इथला मे वेगळाच. इथं ऊन अंगावर पडत नाही, अंगाला चिकटतं.

दादा राहायचा अल नस्र भागात. खाली बकाला (किराणा दुकान), शेजारी न्हाव्याचं दुकान, वर तीन मजले. दार उघडं होतं. दादा खिडकीजवळ खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्याचा कुणाचा तरी सांभाळायला घेतलाय. मला पाहून म्हणाला, "आलीस." मी म्हटलं, "आले." तीन वर्षांचा अबोला, आणि हे एवढंच बोलणं. डॉमनिक बिचारे खाली जाऊन करक (दाट उकळलेला वेलचीचा चहा) आणि गरम कुबूस (मोठी मऊ रोटी) घेऊन आले.

आता भांडण कशाचं, ते सांगायला हवं.

दादाला लहानपणापासून चित्रांतून गोष्टी सांगायचा नाद. दोहाला गेल्यावर त्याचा इंग्लंडमधल्या एका छोट्या कॉमिक्सवाल्याशी पत्रव्यवहार जुळला. छोटा म्हणजे किती? कॉलिन नावाचा एक गृहस्थ दिवसा एका शाळेचं वाचनालय सांभाळतो आणि घरच्या मागच्या खोलीतून वर्षाला दोन-तीन अंक काढतो. वहीएवढा आकार, काळंपांढरं छापलेलं, मधोमध दोन पिना. प्रत्येक अंकात सात-आठ गोष्टी, कुणी भुताची, कुणी अंतराळातली, कुणी खुनाची. चार-पाच पानांत गोष्ट सुरू होते आणि तिथंच संपते. क्रमशः नाही, पुढच्या अंकाची वाट नाही. लिहिणारा एक, काढणारा दुसरा, दोघं एकमेकांना बहुतेक कधी भेटतही नाहीत. गावोगावच्या सभागृहांत घडीच्या टेबलावर मांडून हे अंक विकतात. चित्रकाराला मोबदला म्हणून अंकाच्या दोन प्रती येतात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, त्याही साहेबाच्या देशातल्या. त्या दोन प्रतींतली एक दादा मला नाशिकला पाठवायचा.

तीन वर्षांपूर्वी आई आजारी पडली. दुखणं वाढलं तेव्हा मी फोन केला तर म्हणाला, एका गोष्टीची दोन पानं उरलीत, कॉलिनला शब्द दिलाय, चार दिवसांत निघतो. आई तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून त्याचं पाकीट आलं की मी ते कपाटात टाकत होते. एकही फोडलं नाही.

गुरुवारी दुपारी डॉमनिक ऑफिसला गेले, दादा झोपला, आणि मी त्याची फडताळं आवरायला घेतली. अंक रचून ठेवलेले होते. सहज एक उघडला. धुकं, विजेचा खांब, दगडी घर, आणि दारात घरमालकीण. मी तिच्याकडे बघतच राहिले. हनुवटीवर तीळ, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. आई! दुसऱ्या अंकात ती अंतराळयानात स्वयंपाकीण होती, तिसऱ्यात खुनाच्या खटल्यातली साक्षीदार. इंग्लंडातल्या वाचकांना काय कळणार होतं, की गेली तीन वर्षं त्यांच्या धुक्यात नाशिकच्या पंचवटीतली लक्ष्मीबाई हिंडतेय. मला रडू आलं, आणि रागही आला. जिवंत होती तेव्हा यायला झालं नाही, आणि मेल्यावर हे.

संध्याकाळी दादाच्या कॉम्प्युटरवर कॉलिनचा चेहरा उगवला. पांढरी दाढी, मागे खोकीच खोकी. तो हळू बोलत होता म्हणून मला बरंचसं कळलं. अंक सोमवारी छापायला जातोय. मोहनच्या गोष्टीसाठी पाच पानं अजून राखून ठेवलीत, पण जमणार नसेल तर राहू दे, तब्येत आधी. दादानं मान हलवली. कॉल बंद झाल्यावर म्हणाला, "खलास, सुमे."

ती पाच पानं टेबलाच्या खणात होती. मी काढली. वरवर पाहता सगळ्या रेघा शाईनं पूर्ण झालेल्या, फक्त काळं भरायचं राहिलेलं. आणि जिथं जिथं काळं हवं तिथं पेन्सिलची बारीक फुली.

त्या फुल्या मी कुठंही ओळखल्या असत्या. दादा दहा-अकरा वर्षांचा असताना वहीत चित्रकथा काढायचा. रेघा त्याच्या, पण काळं भरायचा त्याला भारी कंटाळा. मग तो फुल्या मारायचा आणि हाक मारायचा, "सुमे, भर." रात्र, केस, दरोडेखोराचे बूट, सगळं मी भरायचे. फुलीपुरतं भरायचं, रेघेबाहेर जायचं नाही. पुढं जन्मभर कापडावरच्या खडूच्या खुणा पाळल्या, त्याची शिस्त मला तिथंच लागली असावी. खरं तर छापखान्याचे चित्रकारही हीच खूण करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ही आमच्या दोघांची खूण आहे.

मी म्हटलं, "मी भरते."

दादानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "हात स्थिर आहे तुझा?"

"रोज काजं करते. तुझ्यापेक्षा आहे." बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो हसला. तोंड एका बाजूनंच हसलं, तरी हसला.

शाई मात्र वाळून दगड झाली होती. शुक्रवारी सकाळी डॉमनिक मला मदिनत खलीफाला त्यांच्या घरी जेवायला नेणार होते. मी म्हटलं, आधी शाई. अल नस्रमधल्या स्टेशनरीवाल्यानं मला शिक्क्यांच्या पॅडची शाई दिली आणि मीही अडाण्यासारखी घेतली. गाडीतच कागदावर टिपका देऊन पाहिला तर तो भाकरीसारखा पसरला. शेवटी सूकमध्ये (जुन्या बाजारात) सुलेखनाचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं विचारलं, "क्या लिखना है?" मी म्हटलं, "लिखना नहीं है चाचा, सिर्फ काला करना है." त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, मग मागच्या फळीवरची बाटली काढली आणि म्हणाला, ही वाळली की पाण्यानंही हलत नाही. मी शुक्रन (आभार) म्हटलं. कतारमध्ये मी नीट वापरलेला तो एकच शब्द.

डॉमनिकच्या घरी सुके बोंबील आणि भात होता. त्यांच्या मुलीशी मी मराठीत बोलले, ती इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि तरी आमचं छान जमलं. तीन वाजता मी परत टेबलाशी बसले.

गोष्ट इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका खेड्याची. बसथांब्यावर काळ्या कोटातली एक म्हातारी रोज संध्याकाळी मुलाची वाट बघते. ती केव्हाच मेलेली आहे. बसवाल्यांना ठाऊक आहे, ते थांबत नाहीत. एक दिवस नवा ड्रायव्हर येतो. त्याला ठाऊक नसतं. तो थांबतो आणि दार उघडतो. शेवटच्या चौकटीत फक्त तिचा चेहरा.

शुक्रवारची दुपार आणि शनिवारचा अख्खा दिवस मी भरत होते. कोट, रस्ता, झाडांच्या सावल्या. दादा शेजारी बसून डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचा. एकदा माझा ब्रश रेघेबाहेर गेला. तो म्हणाला, "असू दे, चिखल आहे तिथं." चार पानं झाली. पाचवं पान उलटलं तर शेवटच्या चौकटीत रुमाल बांधलेलं डोकं होतं, चष्मा होता, काडीला दोरा होता, आणि आत चेहराच नव्हता. फुलीही नव्हती.

मी विचारलं, हे काय?

"झटका यायच्या आधीपासून अडलंय," दादा म्हणाला. एकेक शब्द शोधत बोलत होता. "गोष्टवाल्याच्या कागदावर लिहिलंय, वाट बघून थकलेला चेहरा. तू फोनवर म्हणाली होतीस ना, आई दाराकडं बघत गेली. तो मला दिसत नाही, सुमे. बसतो, आणि दिसत नाही. कशी दिसत होती आई?"

हातातला ब्रश मी खाली ठेवला. इथं मला जे लिहायचं आहे ते क्लासमधल्या कुणालाही ठाऊक नाही.

आई दाराकडं बघत गेली नाही. मी दादाशी खोटं बोलले होते. शेवटच्या दुपारी सलाइन बदलायला एक नवा माणूस आला. आईनं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मोहन, आलास? जेवलास का?" तो भला माणूस होता. म्हणाला, "हो आई, जेवलो." आई हसली. तसंच हसू तोंडावर ठेवून डोळे मिटले, आणि दिवेलागणीला गेली. अठरा दिवस उशाशी मी बसले होते. पाय चेपले, कूस बदलली. आणि ती हसली ती न आलेल्या मुलासाठी. ते मला सोसलं नाही. म्हणून फोनवर दादाला दुखेल असं बोलले, आणि नंतर ते मागं घेतलं नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

दादानं विचारलं, "जेवलो म्हणाला?"

"हो."

"बरं केलं त्यानं." मग, माझ्याकडे न बघता, "तीन वर्षं, सुमे."

मी माफी मागितली. त्यानं डाव्या हातात पेन्सिल घेतली. हात कापत होता, रेघ नागमोडी येत होती. दोन मिटत आलेले डोळे, तीळ, आणि एका कडेनं उचललेलं तोंड. पाच-सहा रेघांचंच काम, पण त्याला तास लागला. मी त्यावर शाई फिरवली, त्याच्या रेघेची थरथर तशीच ठेवून.

डॉमनिकनी पानं ऑफिसात स्कॅन करून पाठवली. रविवारी सामान बांधताना कॉलिनचं उत्तर आलं: गोष्ट लिहिणारा विचारतोय, ती हसते का आहे? दादानं मला लिहायला सांगितलं, "तिला वाटलं, तो आला." त्यांनी ते हसू तसंच ठेवलं.

विमानतळाच्या वाटेवर डॉमनिकनी गाडी कॉर्निशला (समुद्रकाठच्या रस्त्याला) पाच मिनिटं थांबवली. दादा काचेतून वेस्ट बेकडे बघत राहिला. बावीस वर्षं इथं राहिला, आणि मागे ठेवून चालला होता एक टेबल. मग तोच म्हणाला, "यल्ला, चला."

नाशिकला येऊन दुसऱ्या दिवशी, दादा समोर पलंगावर असताना, मी कपाट उघडलं. सात पाकिटं होती. क्लासची कात्री घेऊन एकेक फोडलं. दोहाला पाहिलेलेच अंक होते ते. तीच घरमालकीण, तीच स्वयंपाकीण, तीच साक्षीदार. फरक एवढाच, की माझ्या प्रतींत प्रत्येक आईच्या चेहऱ्याशेजारी पेन्सिलची बारीक फुली होती.

सातही अंक मी मांडीवर घेऊन बसले. तीन वर्षं तो मला हाक मारत होता, सुमे, भर. आणि मी पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं.